नाकातली नळी

बारामतीत भिगवण रस्त्याला दवाखाने दाटीने उभे आहेत आणि दवाखाना तिथे मेडिकलचं दुकान ठरलेलं. दुकानात चिठ्ठी पुढे केली की पारदर्शक पिशवीत वेटोळं करून ठेवलेली एक नळी काउंटरवर येते. लांबी १०५ सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीपेक्षा कमी. टोकापासून ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरवर खुणा असतात, कारण नाकातून घातल्यावर ती आत किती उतरली हे बाहेरून कळायला हवं. टोक बंद असतं आणि त्यात पोलादाचे बारीक मणी असतात, त्यांच्या वजनाने ती घशाखाली सरकते. टोकाच्या जरा वर, बाजूला, भोकं. एक्स-रेत दिसावी म्हणून अंगावर एक उभी रेघ. पिशवीवर नाव असतं ‘राईल्स ट्यूब’. घरी आल्यावर ते नाव कुणी घेत नाही. ‘आईला नळी घातलीय,’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं समजतं.

पक्षाघाताच्या झटक्याने गिळणं थांबलेल्या माणसाला, तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेल्याला, सोलापूर रस्त्यावरच्या अपघातात बेशुद्ध झालेल्याला ही नळी जगवते. त्यांच्याबाबतीत वाद नाही. डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, शेवटच्या टप्प्यात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकात ती कशी आली आणि तिथे ती काय करते, हे मात्र शोधून पाहिलं पाहिजे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर हे असं घडतं. म्हातारी सात-आठ वर्षं विसरत आलेली असते. आधी चुलीवरचं दूध, मग नातवंडांची नावं, मग परसाकडची वाट. इंदापूरच्या भीमाकाठच्या कित्येक म्हाताऱ्यांचं मूळ गावच उजनीच्या पाण्याखाली गेलेलं आहे. धरण १९८० साली पुरं झालं, गावं त्याआधी उठली. आताची आठवण पुसली गेली की आधीची वर येते, आणि अशी बाई संध्याकाळ झाली की ‘घरी सोडा मला’ म्हणून धोशा लावते. ते घर पळसदेवच्या जुन्या देवळाशेजारी पाण्यात आहे, हे तिला पटवून देणाऱ्यापेक्षा त्या घरात गोठा कुठल्या अंगाला होता हे विचारणारा तिला लवकर शांत करतो. पुढे बोलणं दोन-चार शब्दांवर येतं. मग एक दिवस घास गालात धरून ठेवते, गिळत नाही. ठसका लागतो, ताप येतो, छाती घरघरायला लागते. गाडी करून बारामतीला नाहीतर अकलूजला नेतात. सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजन. ताप उतरतो, गिळणं परत येत नाही. चार-पाच दिवसांनी नळी घालतात. घरी सोडताना कार्डावर लिहिलेलं असतं, दर दोन तासांनी नळीवाटे २०० मिलि. आणि तोंडी सांगितलेलं असतं, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ सेवा कशी करायची, त्याची ओळ कार्डावर नसते.

अशी घरं थोडी नाहीत. ‘लासी-डॅड’ या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं, आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त.

नळी नव्हती तेव्हा काय होतं? ‘अन्नपाणी सुटलं’ असं म्हणायचे. हे दोन शब्द म्हणजे घरापुरतं निदान असायचं. ते एकदा उच्चारले की लेकींना सांगावा जायचा, पाहुणे भेटून जायचे, आणि कुणीतरी वाटी-चमचा घेऊन उशाशी बसायचं. वाटीत भाताची पेज, ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवलेल्या, आंबील, हुलग्याचं पातळ माडगं. आजाऱ्याच्या अन्नाचा हा दाटपणा-पातळपणा आपल्याकडे फार जुन्या विचारातून आलेला आहे. मंड, पेया, विलेपी, यवागू अशा पायऱ्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत लावून दिलेल्या आहेत, आणि आज गिळण्याच्या तज्ज्ञाने ‘किती दाट’ म्हणून विचारलं की आपल्या घरातल्या बाईला ते सहज समजतं.

पण त्या काळाचे गोडवेही गाऊ नयेत. पाठीला जखमा व्हायच्या, त्यांना माश्या बसायच्या. दुखतंय हे सांगता न येणारं माणूस दुखणं सोसत जायचं. वेड लागलंय म्हणून मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेली माणसंही होती. नळी आली ती काही सुखाच्या जागी आली नाही.

डिमेन्शियाच्या एका मुख्य प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं त्या आलोइस आल्झायमरांची पहिली रुग्ण ऑगस्टे डेटर. १९०१च्या नोव्हेंबरात, फ्रँकफर्टच्या इस्पितळात, आल्झायमर तिच्याशी बोलत होते आणि उत्तरं टिपून घेत होते. जेवणाची वेळ होती. तिच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खातेस असं विचारल्यावर तिने पालक म्हणून सांगितलं. घास कशाचा ते विसरलेली बाई घास मात्र चावत होती. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, पंचावन्नाव्या वर्षी, आणि मृत्यूचं कारण होतं अंथरुणाच्या जखमांतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. तिच्या मेंदूचे काप जगभर गाजले. पाठीच्या जखमांकडे वैद्यकाचं तितकं लक्ष जायला पुढे बराच काळ लागला. आजार शोधला गेला आणि आजाऱ्याची शुश्रूषा मागे राहिली, हे अंतर या आजाराच्या बाबतीत पहिल्या रुग्णापासून आहे.

नळीचा वंश वेगळ्याच बाजूने सुरू होतो. १७९०च्या सुमारास लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांच्याकडे गिळण्याचे स्नायू लुळे पडलेला एक रुग्ण आला. हंटरनी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पात्याच्या (‘व्हेलबोन’च्या) काडीवर ईल माशाचं ताजं कातडं चढवलं, ते घशाखाली उतरवलं आणि त्यातून फेटलेली अंडी, साखर, दूध, वाइन असं पोटात सोडलं. रुग्णाचं गिळणं पुढे परत आलं आणि नळीचं काम संपलं. ते परत येईल एवढ्यासाठीच हंटरनी हा खटाटोप केला होता.

आज आपण वापरतो ती नळी जॉन आल्फ्रेड राईल यांची. लंडनच्या गायज इस्पितळातले तरुण डॉक्टर, जन्म १८८९चा. त्यांना पोटातल्या आम्लाचा अभ्यास करायचा होता. त्या काळी रुग्णाला ओटची पेज प्यायला देत आणि दर पंधरा मिनिटांनी पोटातला थोडा थोडा रस बाहेर काढून तपासत. जाड नळी घशात ठेवून हे करणं रुग्णाला असह्य व्हायचं, म्हणून राईलनी बारीक, मऊ रबराची, टोकाला वजन असलेली नळी वापरात आणली. १९२१ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी बेनेट यांनी शंभर निरोगी पुरुषांवर केलेल्या या तपासण्यांचा अभ्यास छापला. नीट पाहिलं तर लक्षात येतं की ती माणसं पेज स्वतःच्या तोंडाने पीत होती. राईल यांच्या कामात नळी पोटातून बाहेर काढण्यासाठी होती, आत भरण्यासाठी नव्हती. त्याच १९२१ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या लेव्हिन यांनी नाकातून घालायची नळी आणली, आणि दोन्ही घराणी पुढे एकमेकांत मिसळून गेली. आपल्याकडे इंग्लंडची वैद्यकशाळा आली, म्हणून नाव राईल यांचं राहिलं.

राईल यांचं पुढचं आयुष्य या नळीच्या गोष्टीत सहसा कुणी सांगत नाही. केंब्रिजचं मानाचं प्राध्यापकपद सोडून १९४३ साली ते ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाचे पहिले प्राध्यापक झाले. माणूस आजारी पडतो तो कुठल्या घरात, कुठल्या कामात, किती गरिबीत, याचा अभ्यास त्यांना रुग्णाच्या पोटातल्या आम्लापेक्षा मोठा वाटायला लागला होता. १९५० साली ते गेले. बारामतीतल्या एखाद्या खाटेशी त्यांना उभं केलं असतं तर त्यांनी आधी हेच विचारलं असतं, की या घरात दिवसभर माणूस कोण असतं?

नळीने आत भरण्याची कला दवाखान्याइतकीच तुरुंगातही रुळली. १९०९च्या सप्टेंबरापासून इंग्लंडच्या तुरुंगांत मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांना धरून, दाबून, नाकातोंडातून नळी घालून अन्न दिलं गेलं. लाहोरच्या तुरुंगात उपोषण करणारे क्रांतिकारक जतीन दास यांच्यावर तोच प्रयोग झाला, त्यात त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली, आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी उपोषणाच्या ६३व्या दिवशी ते गेले. राजकैद्याची आणि घरच्या म्हातारीची बरोबरी होत नाही, हे खरं. एकाला छळायला नळी घातली, दुसरीला मायेने. पण नळी ओढून काढणारा हात दोन्हीकडे सारखा असतो. डिमेन्शियाच्या माणसाला नाकात काहीतरी खुपतंय एवढं कळतं, कशासाठी ते कळत नाही. म्हणून म्हातारी ती ओढते. पुन्हा घालतात, पुन्हा ओढते. मग घरातली माणसं जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन तिची मनगटं खाटेच्या दांडीला बांधतात. हौसेने कुणी बांधत नाही. बांधताना मुलगा तोंड फिरवून उभा असतो. पण जिला उठता येत नाही, बोलता येत नाही, तिच्याजवळ उरलेली एकच हालचाल, हात उचलून कुणाला तरी चाचपडण्याची, तीही त्या गाठीत जाते.

तिसरी पिढी पोटाला भोक पाडून बसवायच्या नळीची. १२ जून १९७९ रोजी क्लीव्हलंडच्या मुलांच्या इस्पितळात गॉडरर आणि पॉन्स्की या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मदतीने, पोट न फाडता, एका तान्ह्या मुलाला ती बसवली. लहान मुलांसाठी काढलेली युक्ती दहा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत शिरली. भरवायला माणसं कमी, नळीला वेळ कमी, खर्चाची भरपाई ठरलेली. कागदावर वजन टिकवण्याची जबाबदारी पार पडत होती. वीस वर्षांनी खुद्द गॉडरर यांनीच लिहिलं की पद्धत सोपी आहे म्हणून ती नको तिथे वापरली जाते आहे.

त्याच वर्षी, १९९९ साली, फिनुकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे पुरावे एकत्र करून एक साधा प्रश्न विचारला: डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं का, न्यूमोनिया टळतो का, जखमा भरतात का, माणसाला बरं वाटतं का? कशालाच आधार सापडला नाही. २००९ साली वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने पुन्हा चाळणी लावली, उत्तर तेच आलं. पोटाच्या नळीने अंथरुणाच्या जखमा वाढत असल्याचं पुढे दिसलं. अमेरिकेच्या वृद्धाश्रमांत अशा रुग्णांना नळी घालण्याचं प्रमाण २००० साली ११.७ टक्के होतं, ते २०१४पर्यंत ५.७ टक्क्यांवर आलं. तिथे ती निम्म्याने मागे हटली त्याच काळात आपल्या तालुक्यांच्या गावी आयसीयू उभे राहत होते आणि नळी घराघरांत पोचत होती.

हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो, कारण पोटात अन्न गेलं म्हणजे माणूस जगणार, हे उघड वाटतं. म्हणून आत काय होतं ते सांगायला हवं. ठसका फक्त घासाने लागत नाही. तोंडातली लाळ दिवसभर घशात उतरत असते आणि गिळणं बिघडलं की तीच श्वासनलिकेत जाते. नळी लाळ अडवत नाही. उलट अन्ननलिका आणि पोट यांच्यामधलं दार ती जरासं उघडं ठेवते, त्यामुळे पोटातलं दूध वर येऊन फुप्फुसाकडे जाऊ शकतं. एकदम २०० मिलि गेल्यावर जुलाब होतात, अंथरूण ओलं राहतं, हात बांधलेले, कूस बदलत नाही, आणि माकडहाडावर जखम पडते. शेवटचं आणि सांगायला अवघड असं कारण म्हणजे मेंदू विझत आला की शरीर भूक मागेनासं होतं, मिळालेलं अन्न अंगी लागेनासं होतं. न खाल्ल्याने ती मरत नसते, मरायला लागलेली असते म्हणून खात नसते. २००९ साली बॉस्टनच्या परिसरातल्या २२ वृद्धाश्रमांतल्या ३२३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना दीड वर्ष पाहिलं गेलं. त्या काळात अर्ध्याहून जास्त वारले, आणि खाण्याची अडचण ८५.८ टक्क्यांना आली. गिळणं थांबणं हा या आजाराचा शेवटचा टप्पाच आहे, कुणाच्या हयगयीने घडलेली दुर्घटना नाही, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडलं.

अर्थात प्रत्येक न खाणं म्हणजे शेवट नव्हे. कवळी सैल झालीय का, तोंड आलंय का, चार दिवस पोट साफ झालेलं नाही का, नवी झोपेची गोळी सुरू झालीय का, लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, कुठे दुखतंय का, हे आधी पाहायचं. यातलं एखादं निघालं की म्हातारी आठवड्यात पुन्हा जेवायला लागते. नळीची चिठ्ठी लिहिण्याआधी ही तपासणी व्हावी, एवढी मागणी तर कुठल्याही घराने करावी.

नळी आणि चमचा यांची सगळ्यांत मोठी साक्ष महाराष्ट्रातच आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यांचा आजार डिमेन्शिया नव्हता, पण खाटेवरचे प्रश्न तेच होते. त्यांना केईएमच्या परिचारिकांनी सांभाळलं. पिढ्या बदलल्या, अरुणाला कधीही काम करताना न पाहिलेल्या मुली नोकरीला लागल्या आणि त्यांनीही सांभाळलं. तपासणीसाठी नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात लिहिलं आहे की २०१०च्या सप्टेंबरापर्यंत त्यांना तोंडानेच भरवलं जात होतं, मऊ केलेलं अन्न. आवडीचं मासे किंवा चिकनचं सूप आलं की त्या हसत, नावडतं थुंकून टाकत. मग तापाचं दुखणं झालं, बहुधा मलेरियाचं, खाणं कमी झालं आणि राईल्स ट्यूब घालावी लागली. इतक्या वर्षांत अंगावर अंथरुणाची एक जखम नव्हती.

छत्तीस वर्षांहून जास्त काळ, दिवसातून कितीतरी वेळा, महापालिकेच्या रुग्णालयातल्या कामाने थकलेल्या बायकांनी हा चमचा धरला. या खटल्याची आठवण दयामरणाच्या वादाने राहिली आहे. मला त्यातली भरवण्याची नोंद तितकीच मोठी वाटते. कुठलं यंत्र नाही, महागडं औषध नाही, घास उतरेपर्यंत थांबणारी माणसं होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या.

७ मार्च २०११च्या त्या निकालाने अरुणाला भरवणं थांबवावं ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. ९ मार्च २०१८ला घटनापीठाने पुढचं पाऊल टाकलं आणि शुद्धीत असताना आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. त्याची वाट इतकी वळणाची होती की २४ जानेवारी २०२३ला ती सोपी करावी लागली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेत. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला तेव्हा हे कागद सांभाळणारे अधिकारी राज्यातल्या स्थानिक संस्थांत नेमले जाऊ लागले. इंदापूरच्या कचेरीत सातबाऱ्यावर नाव लावायला, वाटणीपत्राला, मृत्युपत्राला रोज गर्दी असते. उपचारांच्या कागदाचीही तशीच आठवण हवी. डिमेन्शियाचं निदान झालं की त्याला वेळ फार थोडा उरतो, कारण सही समजून करता यायला हवी. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न-औषध थांबवलं, आचार्य शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं जैन व्रत, घेतली. ते त्यांचे स्वतःचे, पूर्ण शुद्धीतले निर्णय होते. विसरत गेलेल्या बाईला तो निर्णय घेता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी तिच्या नावाने उपास घडवावा असंही कुणी म्हणत नाही. प्रश्न तिला जेवू घालायचं की नाही हा नसून, कशाने जेवू घालायचं हा आहे.

याचं उत्तर ज्या शाखेने शोधलं ती पॅलिएटिव्ह केअर, वेदनाशमनाची आणि शेवटपर्यंतच्या सोबतीची. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे पहिलं आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं सेवागृह, काढलं. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र. राज्याने आपलं धोरण २०१२ साली आणलं, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. पण ही सगळी वाट कॅन्सरच्या रुग्णाने घालून दिलेली आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाला हॉस्पिसच्या पद्धतीने सांभाळायचा प्रयोग डॉ. व्होलिसर यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात केला आणि १९८६ साली लिहिला. युरोपातल्या तज्ज्ञांनी या रुग्णांच्या पॅलिएटिव्ह सेवेची व्याख्या सर्वसंमतीने लिहून काढायला २०१४ साल उजाडलं. बारामतीहून वारजे शंभरेक किलोमीटर आहे, इंदापूरहून आणखी लांब. अंथरुणाला खिळलेलं माणूस गाडीत घालून तिथे न्यावं, असं मी कुणाला सांगणार नाही. सेवाच घरी यायला हवी, आणि ती आणण्याचा सांगाडा कागदावर आहे. २०१८पासून उपकेंद्रांची जी आरोग्य मंदिरं होत आहेत त्यांच्या कामांत वृद्धांची सेवा आणि पॅलिएटिव्ह सेवा ही दोन्ही कामं नोंदलेली आहेत. आशाताई गावात असते, सिस्टर उपकेंद्रावर असतात, बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कमी आहे ती शिकवण.

ती शिकवण म्हणजे काय, ते तपशिलाने सांगता येतं. भरवताना माणूस आडवं नको. पाठीला उशा लावून सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसायचं, उभ्याने वरून चमचा आणायचा नाही. टीव्ही बंद. चमचा लहान आणि तोही अर्धा. आधी खालच्या ओठाला टेकवायचा, तोंड आपोआप उघडतं. घास दिला की गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत थांबायचं, मगच दुसरा. गालात काही राहिलंय का ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून पाहायचं. साधं पाणी आणि चहा सगळ्यांत आधी ठसका लावतात, म्हणून पेजेइतकं दाट असेल ते द्यायचं. चहात बुडवलेली खारी, पोहे, चुरमुरे बंद, कारण पातळात कोरडे कण असले की घसा गोंधळतो. गोडाची चव शेवटपर्यंत टिकते, म्हणून गूळ घातलेला पातळ शिरा चालतो. तोंड फिरवलं, दात घट्ट मिटले, की तिथे थांबायचं. ते तिचं नाही म्हणणं आहे, आणि आता तेवढंच तिला म्हणता येतं. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवायचं. किती खाल्लं ते मोजायचं नाही. चार चमचे झाले तरी ते जेवण झालं.

अगदी शेवटच्या दिवसांत चमचाही थांबतो. तेव्हा तहानेपेक्षा तोंडाचं कोरडेपण जास्त छळतं, आणि ते सलाईनने जात नाही. उलट जादा पाणी पायांवर आणि छातीत उतरतं. ओल्या कापसाने जीभ आणि हिरड्या पुसायच्या, ओठांना साजूक तूप लावायचं. बोटाने पाण्याचे थेंब ओठांवर सोडायची आपली रीत त्या वेळेला नेमकी लागू पडते. श्वास कोंडत असेल, दुखत असेल तर मॉर्फिनचा लहान डोस मोठा आराम देतो. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊनही ते तालुक्याच्या गावी सहजी मिळत नाही, आणि याबद्दल आरोग्यखात्याला जाब विचारला पाहिजे.

चमच्याची एक किंमत आहे, ती लपवू नये. नळीने दहा मिनिटांत काम होतं, चमच्याने एका जेवणाला पाऊण तास जातो. तो पाऊण तास बहुतेक घरांत सुनेचा असतो, आणि त्याच सुनेला पहाटे गायींची धार काढायची असते, उसाला पाणी द्यायचं असतं, मुलांचे डबे करायचे असतात. ज्या घरात सगळा भार एकटीवर आहे तिथे नळी हीच तिची सुटका वाटली तर तिला दोष देता येणार नाही. भरवण्याच्या पाळ्या लावाव्या लागतात, आणि मुलगा, जावई, कॉलेजातला नातू यांनी चमचा हातात धरायला शिकावं लागतं. केईएमलाही एकटीच्या जिवावर हे झालं नव्हतं.

सुनेवर दुसरं ओझं पाहुण्यांच्या तोंडाचं. ‘उपाशी ठेवलीय का म्हातारीला? नळी का नाही घातली?’ भेटायला आलेल्या पहिल्या माणसाच्या या प्रश्नाने कितीतरी घरांचा निर्णय दुसऱ्याच दिवशी फिरतो. डॉक्टरही याच बोलांना भिऊन नळी घालून मोकळे होतात. परदेशी दवाखान्यांत २०१०च्या सुमारापासून यावर एक साधा तोडगा सुचवला गेला आहे. रुग्णाच्या कागदावर ‘नळी नको’ असं नुसतं नकाराचं न लिहिता, काय करायचं ते लिहायचं: रुग्णाला सुख वाटेल तेवढं, ती घेईल तेवढंच, हाताने भरवणे सुरू ठेवावे. बारामतीच्या आणि इंदापूरच्या डॉक्टरांनी घरी सोडायच्या कार्डावर ही ओळ मराठीत लिहावी, खाली सही-शिक्का करावा, आणि सोडण्याआधी नर्सने घरच्या दोघांना खाटेशी उभं करून एक जेवण भरवून दाखवावं. मग पाहुण्यांनी विचारलं तर सुनेला ते कार्ड पुढे करता येईल.